अंश आणि छेद : प्लेगच्या लशीचा हिशेब

प्लेगचा इतिहास म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पुणे उभे राहते. रँडसाहेब, घराघरांत शिरलेले गोरे शिपाई, २२ जून १८९७ ची ती रात्र आणि चाफेकर बंधू. शाळेच्या पुस्तकांतही एवढेच असते. परंतु त्याच वर्षी मुंबईत, भायखळ्याच्या तुरुंगात आणि जमातखान्यांच्या आसपास, आणखी एक इतिहास घडत होता. त्यात पिस्तूल नव्हते, खटला नव्हता. होत्या त्या आजाऱ्यांच्या याद्या, मेलेल्यांच्या नोंदी आणि त्यांच्यावरून पेटलेला वाद. एखादा इलाज खरोखर लागू पडतो की पडल्यासारखा भासतो, हे ओळखायचे कसे, हा तो वाद. मुंबईचे मुसलमान त्यात नुसते बघे नव्हते. त्यांच्यापैकी काहींनी दंड पुढे केला, काहींनी दगड उचलला, आणि दोघांचीही गणती सरकारी कागदांत झाली. म्हणून हा हिशेब आपल्या वाचकांपुढे जरा सविस्तर ठेवावा असे आम्हांला वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीचा ताप दिसू लागला. हा प्लेगच आहे असे ठामपणे सांगणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. सुरुवातीला त्यांचे म्हणणे अनेकांना पटले नाही. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. सव्वाआठ लाख वस्तीच्या मुंबईतून पुढल्या काही महिन्यांत साडेतीन लाखांहून अधिक माणसे आपापल्या गावी निघून गेली. कोकणात जाणाऱ्या बोटी आणि गुजरातकडच्या गाड्या भरभरून जात होत्या. हे पळालेले लोक वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढच्या हिशेबात ते फार त्रास देणार आहेत.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. घरझडती, आजाऱ्याला उचलून इस्पितळात नेणे, घरच्यांना छावणीत ठेवणे, रेल्वे स्टेशनवर काखा-जांघा तपासणे, हे सारे त्या कायद्याच्या आधाराने झाले. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणे बंद केले गेले. पडदानशीन बायकांची परक्या पुरुषांकडून तपासणी आणि दफनापूर्वी मयताची पाहणी या दोन गोष्टींनी मोहल्ले किती हादरले असतील याची कल्पना करता येते. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या अंगातले तेल काढतात, अशी मोमियाईची अफवा हिंदू-मुसलमान दोघांतही पसरली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला तो याच भीतीपोटी.

अशा शहरात वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून आला. ओदेसाचा ज्यू, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत तयार झालेला, हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत दोन-अडीच वर्षे गावोगाव फिरलेला. त्याला जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजात. माणसे मिळाली ती एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रश्शात त्याने प्लेगचे जंतू वाढवले. त्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले म्हणजे जंतूंची वाढ त्या थेंबांना धरून खाली लोंबते, हे त्याच्या ध्यानात आले होते. मग ते जंतू उष्णतेने मारायचे आणि तोच काढा लस म्हणून टोचायचा. रश्शासाठी गाय किंवा डुकराचे मांस वापरले तर इथला एकही माणूस दंड पुढे करणार नाही हे ओळखून त्याने पुढे बकऱ्याचे मांस वापरले. सरकारी साहेबांना जे उमगायला वर्ष लागले ते या परक्या माणसाला स्वयंपाकघरातच उमगले होते असे म्हणावे लागेल. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने पहिली सुई स्वतःला टोचून घेतली.

एका माणसाने टोचून घेतले आणि तो जगला, याने सिद्ध काय होते? लस जीव घेत नाही एवढेच. ती प्लेगपासून वाचवते का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एका माणसावरून मिळत नाही. कारण प्लेगच्या काळातही बहुतेक माणसे न टोचताच वाचत होती.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंग ही हाफकिनच्या दृष्टीने उत्तम जागा होती. सगळ्यांना एकच भाकरी, एकच पाणी, एकाच बराकी. कोणी गावी पळून जाऊ शकत नाही. सुमारे सव्वातीनशे कैद्यांपैकी जे राजी झाले अशा दीडशेजणांना टोचले, बाकीचे तसेच राहिले. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले निम्मे दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, मेला कोणी नाही.

आकडे बोलके वाटतात. आम्ही ते जरा हातात घेऊन पाहिले. एकूण आजारी चौदा. लशीचा काहीच गुण नसता, तर या चौदांपैकी साधारण सहा-सात टोचलेल्यांत निघायला हवे होते, निघाले दोन. नुसत्या योगायोगाने इतका फरक पडण्याचा संभव, आमच्या हिशेबाने, शंभरात एकदा एवढाच येतो. म्हणजे योगायोग हे उत्तर पुरेसे नाही. पण म्हणून लशीचाच गुण हेही लगेच ठरत नाही. टोचल्याच दिवशी ज्यांना गाठी आल्या असे थोडे कैदी हाफकिनने हिशेबातून वगळले होते. त्यांच्या अंगात विष आधीच भिनलेले होते, लशीला काम करायला वेळच मिळाला नाही, हे त्याचे म्हणणे रास्त आहे. तरीही वगळण्याचा अधिकार ज्याची लस आहे त्याच्याच हाती असावा का? आणि दुसरी गोष्ट, राजी झाले ते कैदी कसे होते? धट्टेकट्टे आणि हिंमतवान पुढे आले आणि खंगलेले मागे राहिले असतील, तर फरक सुईचा की शरीराचा?

पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात असाच प्रयोग झाला आणि निकालही त्याच धाटणीचा निघाला. पण खरा नमुनेदार प्रयोग झाला तो फेब्रुवारी १८९८ मध्ये, बडोदे संस्थानातल्या उंधेरा या गावी. तिथे हाफकिनने घर हे माप धरले. प्रत्येक कुटुंबातली साधारण निम्मी माणसे टोचायची, निम्मी ठेवायची. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे, त्यामुळे श्रीमंत-गरीब, हवेशीर-कोंदट हा भेद आपोआप गळून पडला. नंतर प्लेग ज्या २८ घरांत शिरला त्या घरांत टोचलेली माणसे ७१ होती. त्यांतली ८ आजारी पडली, ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांतली २७ आजारी पडली आणि २६ मेली. म्हणजे एकीकडे शेकडा चार मृत्यू, दुसरीकडे शेकडा चाळीस.

हे आकडे वाचताना आमची नजर एका ठिकाणी अडली. सत्तावीस आजाऱ्यांपैकी सव्वीस मेले! गाठीचा प्लेग भयंकर खरा, पण त्यातूनही काही माणसे वाचतातच. मग न टोचलेल्यांतले जे हलका ताप येऊन बरे झाले, त्यांना प्लेगचे आजारी म्हणून मोजलेच गेले नाही, असे तर झाले नसेल? गावकरी आणि डॉक्टर, दोघांनाही कोणाला टोचले आहे हे ठाऊक होते. टोचलेल्याला जराशी कणकण आली तरी सगळे धावत येणार. न टोचलेल्याचा ताप मात्र तो मेल्यावरच कागदावर येणार. आजाऱ्यांच्या आकड्यात अशी गफलत शिरू शकते. मृत्यूच्या आकड्यात तिला वाव कमी. म्हणून उंधेऱ्याचा जो खरा पुरावा, तो तीन आणि सव्वीस या दोन आकड्यांत आहे, आठ आणि सत्तावीसमध्ये तितकासा नाही. लस उपयोगी होती याबद्दल मात्र या गावाने फारशी शंका ठेवली नाही.

आता आपल्या माणसांकडे येऊ.

सर सुलतान मोहम्मद शाह, तिसरे आगाखान, तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. त्यांनी जमातीसमोर उघडपणे स्वतःला टोचून घेतले, एकदा नव्हे अनेकदा. हाफकिनच्या प्रयोगशाळेला जागा अपुरी पडत होती. तिला त्यांनी आपला खुश्रू लॉज हा मोठा बंगला वापरायला दिला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्रयोगशाळा गेली तोवर लशीचे काम तिथूनच चालले होते. इमामानेच दंड पुढे केल्यावर मुरीद मागे कसे राहतील? खोजा जमातीतली हजारो माणसे टोचून घ्यायला आली. जमातीचे आकडे हाफकिनने आपल्या पुराव्यात मोठ्या अभिमानाने मांडले. टोचलेल्या खोज्यांत प्लेगचे बळी अगदी मोजके, न टोचलेल्यांत कितीतरी पट.

इथे पळालेल्या लोकांची आठवण ठेवावी. शाळेत आपण अपूर्णांक शिकतो; वर अंश, खाली छेद. मेलेले किती हा अंश. तो मोजणे सोपे, कारण मयत लपत नाही. कितींपैकी मेले, हा छेद. तो मोजायला जिवंत माणसे शोधावी लागतात आणि प्लेगच्या दिवसांत जिवंत माणूस एका जागी राहत नव्हता. समजुतीसाठी एक कल्पित जमात घेऊ. दहा हजार माणसे, त्यांतली चार हजार टोचलेली. टोचलेल्यांत चार मयत, उरलेल्या सहा हजारांत साठ. प्रमाण दहा पटींचे. पण त्या सहा हजारांतले तीन हजार गावी निघून गेले असतील तर? मग साठ मयत तीन हजारांतले होतात आणि लशीचा गुण दहाचा वीस पट दिसतो. उलट टोचलेल्यांतलेच ऐपतदार लोक कच्छ-काठेवाडला गेले असतील आणि त्यांतले काही तिकडेच मेले असतील तर? त्यांचे मयत मुंबईच्या यादीत नाहीत, नावे मात्र टोचलेल्यांच्या यादीत आहेत. लस जितकी आहे त्याहून गुणकारी भासेल.

हुबळीला ही अडचण आणखी ठळक झाली. १८९८ मध्ये तिथे जवळजवळ सारे गाव टोचून झाले. शेवटी शेवटी न टोचलेले इतके थोडे उरले की त्यांची संख्या थोडीशी जरी चुकली तरी त्यांचा मृत्युदर आकाशाला भिडावा. आणि मागे उरलेले कोण? बहुधा अतिशय म्हातारे, आधीच आजारी, नाहीतर कोणाच्याच यादीत न बसणारे भटके.

१८९८-९९ मध्ये हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने हा सगळा पुरावा तपासला. अध्यक्ष होते एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर आणि सभासदांत एक ऑल्मराथ राइट. आयोगाने आकड्यांची बरीच चिरफाड केली आणि निष्कर्ष मोजून मापून दिला. टोचल्याने लागण आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे घटतात. संरक्षण पूर्ण नाही. पहिल्या काही दिवसांत ते मिळत नाही. ते किती टक्के आहे हे या नोंदींवरून नेमके सांगता येत नाही. हाफकिनला हे झोंबले. आम्हांला मात्र आयोगाची ही भाषा आवडते. सरकारी अहवालात इतका प्रामाणिकपणा क्वचित आढळतो.

याच मुंबईत, खोजे रांगेने टोचून घेत होते त्याच दिवसांत, काही अंतरावर मदनपुऱ्यात वेगळेच चालले होते. ९ मार्च १८९८ रोजी झडतीचे पथक रिपन रोडवर एका जुलाह्याच्या घरी पोचले. बारा वर्षांची मुलगी आजारी होती, तिला न्यायचे होते. घरच्यांनी नकार दिला, पोलीस आले, दगड सुरू झाले, गोळीबार झाला आणि दंगल शहरभर पसरली. मग इंग्रजी लेखणीला ‘धर्मवेडा मुसलमान’ हा ठरीव शब्द सापडला.

आम्ही विचारतो, खोजे मुसलमान नव्हते का? सरकारी तक्त्यांत मयतांची वर्गवारी जातीधर्मावर होती. त्यात ‘मुसलमान’ असा एक रकाना. त्या एका रकान्यात आगाखानांचे मुरीद, मेमण सौदागर, कोकणी खलाशी आणि उत्तरेतून मागावर पोट भरायला आलेले मोमीन एकत्र कोंबले की जो आकडा तयार होतो तो कोणाचाच नसतो. एकाकडे विश्वासातला माणूस आला होता, समजूत घालून. दुसऱ्याकडे शिपाई आला होता, लेकरू उचलायला. खोलीत किती माणसे झोपतात, खाली धान्याची वखार आहे की नाही, उंदीर किती, या गोष्टी रकान्यात नव्हत्या. उंदरावरच्या पिसवेतून प्लेग येतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ याने १८९८ मध्येच कराचीत दाखवले होते, पण ते सर्वमान्य व्हायला पुढची आठ-दहा वर्षे गेली. तोवर धर्म, आहार, स्वभाव, हवा, सगळ्यांवर खापर फुटून झाले होते.

लशीवरही एकदा असेच खापर फुटले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना टोचले. आठवड्याभराने त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. एकोणीसच्या एकोणीस एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीही झाले नाही. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे नंतर पुढे आले. पण चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनची नोकरी गेली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिले, त्यानंतर कुठे तो निर्दोष ठरला. या पाच वर्षांत लशीविषयी लोकांच्या मनात जी धास्ती बसली तिने किती जीव घेतले हे कोणत्याही तक्त्यात नाही.

आयोगातल्या राइटसाहेबांची गोष्ट राहिली. हाफकिनच्या आकड्यांकडे कडक नजरेने पाहणाऱ्या या गृहस्थांची स्वतःची विषमज्वराची लस होती आणि बोअर युद्धात ती हजारो गोऱ्या सैनिकांना टोचली गेली होती. आता त्यांच्या आकड्यांची तपासणी करायची पाळी आली. काम गेले कार्ल पिअर्सन या गणितज्ञाकडे. १९०४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलात त्याचा अहवाल छापून आला. त्याचे म्हणणे असे की टोचणे आणि वाचणे यांचा संबंध दिसतो खरा, पण तो दुबळा आहे आणि एका पलटणीत एक, दुसरीत दुसरा असा हेलकावे खातो. शिवाय स्वखुशीने टोचून घेणारा शिपाई हा मुळात जपून राहणारा असतो. पाणी उकळून पिणारा, सावध. वाचला तो लशीने की सावधपणाने? राइट भडकले. हा कागदी माणूस, याने आयुष्यात आजारी पाहिला नाही, अशा थाटात उत्तरे-प्रत्युत्तरे झाली. मजा अशी की लशीबद्दल राइट बरोबर होते, पहिल्या महायुद्धात ते दिसून आले. आणि पुराव्याबद्दल पिअर्सन बरोबर होता.

पिअर्सनने त्या अहवालात एक साधी तोड सुचवली होती. जे जे टोचून घ्यायला राजी आहेत त्या सर्वांची नावे एका वहीत लिहा आणि त्यांतल्या एकाआड एकालाच टोचा. मग दोन्ही बाजूंना राजी झालेले, सावध, हिंमतवानच उभे राहतील. फरक उरेल तो फक्त सुईचा. भायखळ्याच्या तुरुंगात जी फट राहिली होती ती या एका वहीने बुजली असती. १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या दोघांनी, हाफकिनच्या कॉलऱ्याच्या लशीचे आसामातल्या कछारच्या चहामळ्यांतले आकडे पुढे घेऊन, कसोट्या आणखी नेमक्या केल्या. दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे हवेत, दोघांना रोगाची बाधा होण्याचा संभव सारखा हवा, आणि कोण टोचलेला आहे याचा रोगनिदानावर परिणाम होता कामा नये. उंधेऱ्याचा आमचा संशय या तिसऱ्या कसोटीतला आहे.

हे वाचून आपल्यापैकी काहीजण लगेच म्हणतील, यात नवे काय, हे तर आमच्या राझीने हजार वर्षांपूर्वीच केले. खरे आहे. अबू बक्र मोहम्मद बिन झकरिया अल्-राझी, रे शहराचा, इ.स. ८६५ ते ९२५. त्याच्या नोंदींच्या महाग्रंथात, ‘अल्-हावी’त, आहे की मेंदूच्या सूजेची लक्षणे दिसलेल्या रोग्यांच्या एका गटाचे त्याने रक्त काढले आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही, खरे काय ते कळावे म्हणून. त्या काळात, जालिनूसचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असताना, एखाद्या हकिमाला हे सुचावे ही मोठीच गोष्ट. पण छाती फुगवताना पुढची ओळ वाचायची आपण विसरतो. राझीचा निष्कर्ष असा की रक्त काढलेले वाचले. आज आपल्याला माहीत आहे की रक्त काढून हा आजार बरा होत नाही. मग राझी खोटे बोलला? मुळीच नाही. कोणाचे रक्त काढायचे हे तोच ठरवत होता, आणि कोणताही दयाळू हकीम अगदी मरणपंथाला लागलेल्याचे रक्त काढायला कचरतो. माणसे किती होती तेही त्याने नोंदले नाही. दुसरा गट ठेवणे ही पहिली पायरी. तो गट पहिल्यासारखाच असणे ही दुसरी, आणि ती चढायला पिअर्सनच्या वहीपर्यंत हजार वर्षे लागली.

आता १८९७ चा तो कायदा पुन्हा जेव्हा बाहेर निघाला त्या दिवसांविषयी. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी देशभर तोच साथरोग कायदा लागू झाला. त्या महिन्यात दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये एवढी माणसे एकत्र ठेवणे शहाणपणाचे नव्हते हे आम्ही आडपडदा न ठेवता म्हणतो. पण १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य खात्याने एक आकडा सांगितला. देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ म्हणजे शेकडा ३० रुग्ण मरकजशी संबंधित. संध्याकाळपर्यंत तो आकडा घरोघर पोचला आणि दुसऱ्या दिवसापासून भाजी विकणाऱ्याला नाव विचारले जाऊ लागले.

अंश खरा होता असे धरू. छेद काय होता? ‘देशातले रुग्ण’ म्हणजे देशात ज्यांना रोग झाला ते सगळे नव्हेत. ज्यांची तपासणी झाली आणि त्यात रोग निघाला तेवढेच. आणि त्या दिवसांत तपासणी मोजक्यांचीच होत होती. परदेशांतून आलेले, त्यांच्या निकटचे, लक्षणे असलेले. दुसरीकडे मरकजला गेलेल्यांचा आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा राज्याराज्यांत शोध घेतला जात होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अशी पंचवीस हजारांवर माणसे विलगीकरणात गेली होती. जिथे कंदील घेऊन शोधाल तिथे सापडेल, अंधारात पडलेले मोजले जाणार नाही. त्या महिन्यात इतरत्रही लग्ने, यात्रा, सभा झाल्या होत्या. त्यांना गेलेल्यांची अशी यादी करून कोणी नमुने घेतले नाहीत. तेव्हा शेकडा ३० हे रोग कोणी पसरवला याचे माप नव्हते, तपासणी कोणाची झाली याचे बरेचसे माप होते. मदनपुऱ्याच्या वेळी ‘मुसलमान’ हा एक रकाना होता. या वेळी तो रकाना रोजच्या पत्रकार परिषदेत स्वतंत्र वाचला गेला.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात तबलिगी परदेशी पाहुण्यांवर दाखल झालेले गुन्हे रद्द केले आणि साथीच्या वेळी सरकारला बळीचा बकरा हवा असतो असा शेरा मारला. निकालाची बातमी आली, पण तीस टक्क्यांइतकी ती घरोघर पोचली असे कोणी म्हणणार नाही.

त्याच वर्षी मालेगावात दुसरी गोष्ट घडत होती. एप्रिल-मेमध्ये तिथे रुग्ण भराभर वाढले, मग उतरले, आणि उतरले ते युनानी काढ्याने, असे आपल्याच लोकांनी अभिमानाने सांगायला सुरुवात केली. काढ्याची पाकिटे दूरदूरच्या गावी गेली. काढा घेतला आणि बरे झालो, असे सांगणारे शेकडो. त्यांतले कोणी खोटे बोलत नव्हते. पण कोरोना झालेल्यांपैकी बहुतेक माणसे काढा न घेताही बरी होत होती, अगदी नागपाड्यातही आणि नाशकातही. ज्यांनी काढा घेऊनही जीव गमावला ते सांगायला आले नाहीत. आणि ज्यांनी घेतलाच नाही त्यांचे काय झाले, हा प्रश्न आमच्या वाचनात आलेल्या कौतुकाच्या लेखांत कुठेच नव्हता. मरकजच्या आकड्यावर छेद मागणारे आपण, काढ्याच्या आकड्यावर तो मागायला विसरलो. काढा गुणकारी नव्हता असे आम्ही म्हणत नाही. तो गुणकारी होता की नव्हता हे कळण्याची सोय त्या हिशेबात नव्हती. राजी असलेल्यांची एक वही, एकाआड एक पाकीट, आणि दोन्ही बाजूंच्या घरी महिन्याभराने एक फेरी, एवढ्याने पुष्कळ कळले असते. रे शहराच्या त्या हकिमाने निदान दुसरा गट तरी ठेवला होता.